गोदामातलं टेबल आणि तिसावं पान

प्रिय लेकीस,
अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेलं टिपण काल रात्री दोनदा वाचलं. आजवरच्या नोकऱ्यांबद्दल तू चार ओळी लिहिल्यास. कॉल सेंटरमध्ये आठ महिने, गोदामात पॅकिंगला पाच महिने, दोन्ही पैशांसाठी, शिकण्यासारखं विशेष काही नव्हतं. पुढे दीड पान मात्र हेच, की अ‍ॅडम स्मिथचं अर्थशास्त्रावरचं पुस्तक ‘द वेल्थ ऑफ नेशन्स’ तिसाव्या पानापुढे सरकत नाही, वाक्य संपेपर्यंत त्याची सुरुवात विसरायला होते, आणि अशी पुस्तकं वाचण्याइतकी तुझी कुवत नाही.

मला त्या चार ओळी पटल्या नाहीत, आणि ते दीड पानही पटलं नाही. त्या पुस्तकाचं पहिलंच प्रकरण तुझ्या गोदामाचं आहे, बाळा.

1776 साली स्मिथनं त्यात टाचण्यांच्या कारखान्याचं वर्णन केलं. एक जण तार ओढतो, दुसरा ती सरळ करतो, तिसरा तोडतो, चौथा टोक काढतो. अशी एका टाचणीमागे जवळपास अठरा कामं. असा एक लहान कारखाना आपण स्वतः पाहिला, असं तो सांगतो. तिथे माणसं दहाच, म्हणून काहींच्या वाट्याला दोन-तीन कामं यायची. तरी दहा जण मिळून दिवसाला 48,000 टाचण्या करायचे. हेच काम न शिकलेल्या माणसानं एकट्यानं केलं असतं तर दिवसाला 20 सुद्धा झाल्या नसत्या, कदाचित एकही झाली नसती.

आता तुझं टेबल आठव. एकीनं खोकं उघडायचं, एकीनं माल स्कॅन करून आत ठेवायचा, एकीनं मोकळ्या जागेत कागद कोंबायचा आणि तू टेप मारायचीस. टेपचं टोक रोलला चिकटून बसतं, ते उकरता उकरता अंगठ्याचं नख कडेनं फाटलंय, हे तू मला फोनवर सांगितलं होतंस. एकदा तिघीही आल्या नाहीत आणि चारही कामं तू एकटीनं केलीस. खोकी फारच कमी झाली, पण त्या दिवशी पाठ कमी दुखली, कारण दिवसभर एकाच जागी वाकून राहावं लागलं नाही. पाठीबद्दल त्या प्रकरणात काही नाही. ते तुझ्याकडे आहे.

कामं वाटून घेतल्यानं उत्पादन का वाढतं, याची स्मिथ तीन कारणं देतो: हात बसतो, एका कामावरून दुसऱ्यावर जाताना जाणारा वेळ वाचतो, आणि यंत्रं सुचतात. तिसऱ्या कारणापाशी तो एका मुलाची गोष्ट सांगतो. वाफेच्या इंजिनाची झडप उघड-मीट करायला एक मुलगा ठेवलेला असे. त्यानं झडपेच्या दांड्यापासून इंजिनाच्या दुसऱ्या भागाला दोरी बांधली, झडप आपोआप चालू लागली आणि तो खेळायला मोकळा झाला. हे वाचलं आणि मला तुझ्या शेजारची ती मुलगी आठवली. तिनं बुटाच्या नाडीनं टेपचा रोल टेबलावर टांगला होता, म्हणजे टोक हवेत मोकळं राहायचं. तू तेव्हा किती कौतुकानं सांगितलं होतंस! ही गोष्ट तुझ्या चार ओळींत कुठेच नाही.

आणखी एक गोष्ट आत्ताच सांगते, कारण एरवी तू तिथवर पोचणार नाहीस. पुस्तकाचे पाच भाग आहेत. पहिल्या प्रकरणात श्रमविभागणीचं इतकं कौतुक करणारा हाच माणूस पाचव्या भागात लिहितो की ज्याचं सगळं आयुष्य दोन-चार सोप्या क्रिया करण्यात जातं, त्याला बुद्धी वापरण्याची वेळच येत नाही आणि तो माणूस म्हणून जितका मंद होऊ शकतो तितका होतो. स्मिथ ही काळजी मनापासून करतो आणि त्यासाठी सर्वसामान्यांच्या शिक्षणाची तजवीज हवी असं म्हणतो. तरीही मला तुझं बोलणं आठवतं: हात आपोआप चालतात, डोकं मोकळं असतं, आणि टेप मारता मारता तू आख्खा धडा मनात उजळायचीस. मग स्मिथ चुकला का? की पाच महिने आणि सबंध आयुष्य यांत फरक आहे? मला याचं उत्तर येत नाही. मी त्या टेबलापाशी कधी उभी राहिलेली नाही. तू राहिली आहेस.

पुढे विजेवरच्या शोधांसाठी नावाजलेला शास्त्रज्ञ मायकल फॅरडे 14 वर्षांचा असताना, 1805 साली, लंडनमध्ये पुस्तकबांधणीच्या दुकानात काम शिकायला उमेदवार म्हणून लागला आणि सात वर्षं राहिला. बांधायला आलेली पुस्तकं तो वाचायचा. जेन मार्सेट यांचं रसायनशास्त्रावरचं संवादरूप पुस्तक त्याला असंच मिळालं. मला त्याची पुढची कृती फार महत्त्वाची वाटते. हाताशी जी साधनं होती त्यांनी छोटे प्रयोग करून त्यानं त्या पुस्तकातलं म्हणणं ताडून पाहिलं, आणि ते खरं निघाल्यावर जहाजाला नांगर मिळावा तसा भक्कम आधार आपल्याला सापडला असं त्याला वाटलं. हे त्यानं म्हातारपणी एका पत्रात लिहून ठेवलंय. 1812 मध्ये त्यानं रसायनशास्त्रज्ञ हम्फ्री डेव्हींची व्याख्यानं ऐकली, टिपणं काढली, स्वतःच्या हातानं बांधली आणि डेव्हींना पाठवली. पुढच्या वर्षी तो त्यांचा मदतनीस झाला. बांधणीचं काम त्यानं लपवलं नाही, तेच डेव्हींपुढे ठेवलं.

तुझ्याजवळ ताडून पाहायला तेरा महिने आहेत.

मी कॉलेजात असताना एका छापखान्यात प्रुफं तपासायचे. ओळीखाली पोलादी पट्टी ठेवायची, एकेक ओळ खाली सरकवायची, ऱ्हस्व-दीर्घ बघायचं. अर्थाकडे लक्ष गेलं की चूक निसटते, म्हणून तिथे अर्थ बघायची मनाई होती. चारशे पानांचं एक इतिहासाचं पुस्तक मी असं पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहिलं आणि त्यात काय आहे ते मला सांगता येईना. त्याचं फार वाईट वाटलं. मग मी काम संपल्यावर थांबून त्यातलं एकच पान पुन्हा वाचायला लागले, या वेळी पट्टीशिवाय, आणि ते मिटून मनाशी सांगून बघायचे. अडलं तिथेच खरं वाचन सुरू व्हायचं. 2006 मध्ये दोन मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांवर प्रयोग केला, त्यातही हेच दिसलं. उतारा पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांना पाच मिनिटांनी जास्त आठवलं, पण आठवड्यानंतर वाचून मग आठवून पाहणारे पुढे होते.

तू तर आठ महिने ऐकण्याचंच काम केलंस. चिडलेलं गिऱ्हाईक पहिल्या वाक्यात जे बोलतं ती त्याची खरी तक्रार नसते, ती तिसऱ्या-चौथ्या वाक्यात येते, तोवर मध्ये बोलायचं नाही, असं तूच मला शिकवलंस. स्मिथच्या लांब वाक्यांशी तसंच वाग. त्याला पूर्ण बोलू दे, मग पेन्सिलीनं समासात लिही की याला नेमकं काय म्हणायचंय. पहिल्या भागाच्या अकराव्या प्रकरणात चांदीच्या किमतीवर भलंमोठं विषयांतर आहे, तो स्वतःच त्याला विषयांतर म्हणतो. ते खुशाल सोड. त्यात काही कमीपणा नाही.

त्या चार ओळी खोडून टाक आणि टेबलाबद्दल लिही. नख, पाठ, मनात उजळलेला धडा, सगळं येऊ दे, आणि मग पहिलं प्रकरण परत उघड. अडलेलं वाक्य फोनवर वाचून दाखव, मी इकडे पुस्तक उघडून बसेन.

आणि हो, नाडीनं टांगलेला तो रोल सुपरवायझरनं राहू दिला की काढायला लावला? ते तू मला कधी सांगितलंच नाहीस.

तुझी,
आई