बेस्ट आरपीजी ठरवताना मॅप मोजू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत आजवरच्या दहा सर्वोत्तम रोल प्लेइंग गेम्सची, म्हणजे एखादं पात्र बनून खेळायच्या आरपीजींची, यादी वाचली. मराठी पेपरने गेम्सना अख्खं पान दिलं याचा मनापासून आनंद झाला, कारण आपल्याकडे गेमची बातमी येते ती बहुतेक वेळा कुणाच्या तरी अकाउंटमधून पैसे गेले म्हणूनच येते. पण यादी पाहून राहवलं नाही म्हणून लिहितोय. एक नंबरला स्कायरिम, दोनला विचर ३, आणि २००० सालाच्या आधीचा एकही गेम नाही! आणि प्रत्येक गेमखाली काय लिहिलंय तर मॅप किती मोठा, ग्राफिक्स किती भारी, कॉपी किती खपल्या. खप हाच निकष असेल तर प्रश्नच मिटला, स्कायरिमच्या ६ कोटींच्या वर कॉपी विकल्या गेल्यात, मग वाद घालायचाच कशाला.

माझा निकष वेगळा आहे आणि मला वाटतं आरपीजी खेळणाऱ्या बऱ्याच जणांचा तोच असेल. तुम्ही जो कोणी बनून खेळताय त्याची त्या गेमला दखल आहे का? तुम्ही घेतलेला निर्णय, तुम्हाला येत नसलेली गोष्ट, तुम्ही केलेली चोरी हे सगळं गेम लक्षात ठेवतो का आणि त्याचं उत्तर देतो का? तसं नसेल तर ती भटकंती झाली, छान असेल, मी पण स्कायरिममध्ये मनसोक्त भटकलोय आणि रात्रीच्या त्या हिरव्या उजेडाच्या आभाळाखाली नुसता उभा राहिलोय, पण २०११ च्या या गेममध्ये तुम्ही जेमतेम एकदोन मंत्र येत असताना जादूच्या कॉलेजचे प्रमुख होता, त्याच वेळी चोरांचे पण म्होरके आणि मारेकऱ्यांचे पण, आणि कुणालाही त्यात काही वावगं वाटत नाही. हेच त्याच कंपनीच्या २००२ च्या मॉरोविंडमध्ये करून बघा. तिथे गिल्डमध्ये, म्हणजे जादूगार, चोर वगैरेंच्या संघटनेत, बढती हवी तर त्या त्या स्किलमध्ये तेवढी तयारी लागते, तीन मोठ्या घराण्यांपैकी एकाच्या पदरी गेलात की बाकीच्यांचे दरवाजे बंद, आणि कथेला लागणारा माणूस मारलात तर गेम स्पष्ट सांगतो की आता भविष्यवाणीचा धागा तुटला, जुना सेव्ह (आधी साठवून ठेवलेला खेळ) उघडा नाहीतर या नासलेल्या जगात राहा. मला तो मेसेज आजही फार आवडतो. तुम्ही केलंत, तुम्हीच निस्तरा.

आता जुन्या गेम्सबद्दल, कारण खरी तक्रार तिथे आहे. १९८५ साली रिचर्ड गॅरियटने अल्टिमा ४ काढला. त्यात शेवटी मारायला कुणी महाखलनायकच नाहीये! आठ सद्गुण अंगी बाणवायचे, बस. सुरुवातीला एक भविष्य सांगणारी बाई तुम्हाला पेच टाकते, प्रामाणिकपणा का दया, शौर्य का न्याय, आणि तुमच्या उत्तरांवरून तुम्ही कोण ते ठरतं. पुढे जादूचं साहित्य विकणारी आंधळी दुकानदारीण भेटते, पैसे किती ठेवायचे ते तुमच्या हातात, तिला दिसत नाही. कमी ठेवलेत तर तेव्हा काहीच होत नाही, कुणी ओरडत नाही, पण गेम आतल्या आत ते लिहून ठेवतो आणि पुढे कधीतरी तुमचा मार्ग अडतो. ४० वर्षांपूर्वी, एवढ्याशा मेमरीत! आणि आपल्या यादीत त्याचं नाव पण नाही.

१९९७ चा फॉलआउट घ्या. शेवटी मास्टर नावाच्या खलनायकाशी लढता येतं, पण नीट तपास केला असेल आणि बोलण्यात तयार असाल तर त्याला पुराव्यानिशी दाखवता येतं की तुझ्या म्युटंट (शरीर बदलून बनवलेल्या) लोकांना मुलंच होऊ शकत नाहीत, तुझी सगळी योजना पोकळ आहे. तो ते वाचतो, हादरतो, आणि स्वतःच सगळं संपवतो. एक गोळी न झाडता. हीच परंपरा २०१० मध्ये ऑब्सिडियन स्टुडिओने फॉलआउट न्यू वेगासमध्ये चालवली, जेमतेम दीड वर्षात केलेला गेम, रिलीजला बग भरपूर होते हे मान्य, समीक्षकांच्या मार्कांची सरासरी काढणाऱ्या मेटाक्रिटिक साइटवर १०० पैकी ८४ वर अडकला, पण गेममधलं हूवर धरण कुणाच्या ताब्यात जाणार यावर आजही लोक तावातावाने भांडतात, आणि तेव्हा ९० च्या वर मार्क मिळालेल्या कितीतरी गेम्सबद्दल आता कुणी बोलत पण नाही.

प्लेनस्केप टॉर्मेंटबद्दल तर थोडं जास्तच लिहिणार आहे. १९९९, ब्लॅक आयल स्टुडिओ. हिरो शवागारात जागा होतो, नाव आठवत नाही, अंगभर व्रण, आणि मरण येत नाही. म्हणजे गेममध्ये मेलात तर बहुतेक वेळा परत उठता, आणि ते उठणं हाच कथेचा गाभा आहे, कारण आधीच्या जन्मांमध्ये याने काय काय करून ठेवलंय, कुणाला फसवलंय, कुणाचा जीव घेतलाय ते हळूहळू समोर येत जातं आणि वाटतं हे मीच केलंय का. ताकदीपेक्षा इथे शहाणपण आणि बुद्धीचे पॉइंट जास्त कामाला येतात. रॅव्हेल नावाची चेटकीण विचारते, माणसाचा स्वभाव कशाने बदलू शकतो? पर्याय बरेच येतात, प्रेम, पश्चात्ताप, मृत्यू, काहीही निवडा, तिला बरोबर उत्तर नकोच असतं, तुमचं उत्तर हवं असतं. तिथे मी खुर्चीतून उठून खोलीत फेऱ्या मारल्या होत्या. हा गेम तेव्हा फारसा खपला नाही, म्हणून तुमच्या यादीच्या हिशोबात तो बसत नाही, आणि नेमकं हेच मला पटत नाही.

आमच्या ऑफिसातला एक मित्र जपानी गेम्सचा कट्टर आहे. त्याचं म्हणणं, फायनल फँटसी ७ मध्ये आपल्या सोबत असलेली एरिथ मरते तेव्हा तुम्ही काहीच करू शकत नाही आणि म्हणूनच ते इतकं लागतं, निवडीचं काय घेऊन बसलायस. मुद्दा बिनतोड आहे आणि तो सीन मला पण विसरता येत नाही. पण मी त्याला १९९५ चा क्रोनो ट्रिगर आठवायला सांगितला. सुरुवातीच्या जत्रेत तुम्ही सहज कुणाचा तरी डबा खाता, धडकलेली मुलगी पडलेली असताना आधी तिचं लॉकेट उचलता, हरवलेलं मांजर छोट्या मुलीकडे नेऊन देता किंवा देत नाही. सगळं गंमत म्हणून. आणि थोड्या वेळाने कोर्टात उभे राहता तेव्हा हे एकेक बाहेर काढलं जातं! निकाल काहीही लागला तरी तुरुंगात जावंच लागतं, ते सोडा, पण बघितलं जात होतं हे कळल्यावर जो झटका बसतो तो मोठमोठ्या ओपन वर्ल्ड (हवं तिथे फिरता येणाऱ्या) गेम्सना जमलेला नाही.

विचर ३ ला माझा विरोध नाही. त्यातल्या ब्लडी बॅरन नावाच्या सरदाराच्या कथेत झाडाखाली कोंडलेल्या आत्म्याचं काय करायचं हा निर्णय तुम्ही घेता आणि त्याचं फळ इतक्या उशिरा कळतं की मागचा सेव्ह उघडून सारवासारव करायची सोय राहत नाही. २०१५ मध्ये तो बेस्ट होताच. बाल्डर्स गेट ३ पण यादीत आहे ते योग्यच, २०२३ मध्ये बेल्जियमच्या लॅरियन स्टुडिओने दाखवून दिलं की फासे टाकून खेळायचा गेम आजही लाखो लोकांना वेड लावू शकतो.

पण माझा एक नंबर डिस्को एलिसियम, २०१९, आणि तो तुमच्या पहिल्या दहात नाही हे वाचून वाईट वाटलं. एस्टोनियातून उभ्या राहिलेल्या टीमचा गेम, तलवार नाही, ड्रॅगन नाही, नेहमीची फायटिंगच नाही. दारू पिऊन स्वतःचं नाव विसरलेला एक डिटेक्टिव्ह आणि मागच्या अंगणात झाडाला लटकलेलं प्रेत. तुमची २४ स्किल्स तुमच्या डोक्यात आपापसात बोलतात, सल्ले देतात, आणि कधी कधी चुकीचे देतात. आणि हरलात तरी कथा थांबत नाही, उलट हरल्यावरच ती खुलते. हॉटेलचं बिल न भरता पळायला गेलात आणि फासा उलटा पडला तर सरळ व्हीलचेअरवरच्या आजींवर जाऊन आदळता, आणि शेजारी उभा असलेला तुमचा जोडीदार पोलीस किम कित्सुरागी काही न बोलता बघत राहतो. त्या माणसाच्या नजरेतून उतरू नये म्हणून मी पुढचे कितीतरी निर्णय बदलले. मॅप म्हणाल तर एका शहराचा एक पडका कोपरा, बस. एवढ्याशा जागेत जेवढा माणूस सापडतो तेवढा मला आख्ख्या स्कायरिममध्ये सापडला नाही.

विनंती एवढीच की पुढच्या वेळी यादी करताना निकष काय लावला ते छापा आणि जुने गेम वगळू नका. ‘ते आता कुठे मिळतात’ हे कारण चालणार नाही. अल्टिमा ४ गॉग या गेम विकणाऱ्या साइटवर फुकट आहे, टॉर्मेंटची २०१७ ची नवी आवृत्ती साध्या लॅपटॉपवर काय, मोबाइलवर पण चालते. ग्राफिक्स कार्ड घ्यायला पैसे नसलेल्या कॉलेजच्या पोरांना हे गेम आधी सांगायला हवेत. आणि जागा असेल तर वाचकांचे पहिले पाच मागवा, कारणांसकट. माझे पाच: डिस्को एलिसियम, टॉर्मेंट, न्यू वेगास, क्रोनो ट्रिगर, मॉरोविंड. फॉलआउट आणि मॉरोविंडमध्ये मी अजून घुटमळतोय, त्यावर कुणी भांडायला तयार असेल तर मी आहे.

आपला,
एक नियमित वाचक, चिंचवड