पलीकडच्या गोठ्यातला चीक

औसा तालुका,
पौष महिना

प्रिय गड्या,

रामराम. येळवशीला, अमावस्येच्या रानातल्या जेवणाला, तू आला नाहीस. तुझ्या वाटणीची आंबील आणि भज्जी आम्हीच संपवली, त्यामुळं त्याची तक्रार नाही. घरात एक कोकरू आलंय आणि आठ दिवस झाले, धड झोप नाही. ते सांगायला लिहायलोय.

खालच्या रानात धनगराच्या मेंढ्या तीन रात्री बसवल्या होत्या. शेणखताच्या ट्रॉलीचा भाव ऐकला की लेंड्यांवरच भरवसा ठेवावा वाटतो. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचच्या सुमाराला एक मेंढी व्याली. जुळं. पहिलं लगेच उठून सडाला लागलं, दुसरं ओलंचिंब पडून. मेंढी पहिल्यालाच चाटत राहिली, ह्याच्याकडं ढुंकून बघेना. पहाटे मेंढ्यांचा वाडा पुढच्या रानाला हलणार. धनगर म्हणाला, "वाटंनं चालायचं न्हाई हे. आन् तिला दूध एकापुरतंच हाय. जगलं तर तुमचं."

घरी आणलं तेव्हा साडेसात झाले होते. तोंडात बोट घातलं, तर आत माठातल्या पाण्यासारखं गार. चोखायचं नावच नाही. आई दुधाची वाटी घेऊन बसलेली, "उपाशी लेकरू हाय, आधी पाज." मीही पाजलंच असतं, पण त्याआधी तालुक्याच्या ढोरांच्या डॉक्टरला फोन केला. त्यानं दोनच गोष्टी विचारल्या, जन्मून किती तास झाले आणि ताप किती. पोरांचा थर्मामीटर लावला तर ९६. कोकराला १०२-१०३ असायला पाहिजे.

"एक थेंब पाजू नका," तो म्हणाला. "गार पडलेल्याला गिळता येत नाही, दूध फुप्फुसात उतरतं. आधी कोरडं करा, ऊब द्या." पाच तास उलटून गेले असते तर आधी ग्लुकोजचं इंजेक्शन लागलं असतं म्हणे, कारण अंगातली सगळी साखर संपलेली असते आणि तसंच तापवलं तर झटके येऊन मरतं. आमच्या हातात अजून वेळ होता.

आई रुसली. पण रुसून आत गेली आणि जुनं लुगडं घेऊन बाहेर आली! त्यानं खसाखसा पुसलं. कोंबड्या झाकायच्या डालग्यात पाचट घातलं, गरम पाण्याच्या बाटल्या टॉवेलात गुंडाळून दोन्ही बाजूंनी लावल्या, वर घोंगडी. लाईट नेमकी तेव्हाच गेली. पाणी गार झालं की बाटल्या बदलायच्या, मोबाईलच्या उजेडात थर्मामीटर वाचायचा. ९७. पुन्हा ९७. मग ९८ आणि काही. गड्या, कापसाचा भाव बघतानाही माझी अशी छाती धडधडली नसेल. दहाला शंभराच्या वर गेलं, शेपूट हललं, आणि त्यानं माझं बोट चोखलं.

आता चीक पाहिजे होता, आणि तोही लवकर. रोगाशी लढायची ताकद त्या पहिल्या दुधातूनच येते, आणि पिल्लाच्या आतड्यात ती मुरायची वाट दिवसभरात बंद होते. शेळीचाही चालतो, पण आमची शेळी व्याली दोन महिन्यांखाली. आदल्या दिवशी व्यालेली शेळी एकाच गोठ्यात होती, पलीकडं. पलीकडं म्हणजे कुठं ते तुला सांगायला नको. रानाची मोजणी झाल्यापासून तीन वर्षं आमचं बोलणं बंद आहे.

तांब्या घेऊन साडेदहाला त्या दारात उभा राहिलो. चुलतभाऊ बाजेवर होता, उठला नाही. वहिनीनं तांब्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. मी म्हणालो, "कोकरू हाय." बस्स. तिनं काही विचारलं नाही. शेळी पिळली, फडक्यातून गाळून दिलं आणि म्हणाली, "थेट जाळावर ठिवू नका, खरवस होईल. गरम पाण्यात तांब्या ठिवा." निघालो तर मागून भावाचा आवाज, "ब्याटरी हाय का? खड्डा बघून जावा." खड्डा त्यानंच खणलेला, माझी बैलगाडी जाऊ नये म्हणून.

शंभर मिली पाजायला अर्धा तास लागला. वजन भरलं दोन किलोला कमी, आणि किलोमागं पन्नास मिली असा डॉक्टरचा हिशेब. आईला ते मांडीवर उताणं पाहिजे होतं, तान्ह्या बाळासारखं. मी उभं धरूनच पाजलं, उताणं पाजलं की ठसका लागतो. नाळेला टिंक्चर लावलं. मग दर तीन-चार तासांनी तेच. दुसऱ्या दिवशी दुपारी काळी चिकट शी झाली, तेव्हा आईनं ती बातमी अख्ख्या गल्लीत सांगितली. चौथ्या दिवशी हगवण लागली, पुन्हा डॉक्टर, पुन्हा जागरण. निभलं.

आता ते घरभर फिरतंय आणि तुझ्या भाचीची वही खातंय. धनगर परतीच्या वाटेला येईल तेव्हा दाखवायचं की लपवायचं, यावर आमच्यात मतभेद आहेत.

संक्रांतीला येशील तर पुण्याहून बाटलीला लावायची तांबडी रबरी निपलं घेऊन ये, पिल्लांना पाजायची. इथं मिळतात ती दोन दिवसांत फाटतात. दोन आण. पलीकडच्या शेळीला तीन करडं आहेत आणि सड दोनच.

तुझाच,
रानातला

ता. क. आई म्हणते, आंबील तुझ्या वाटणीची काढून ठेवली होती. खोटं आहे.