बार्शीच्या आणि पुण्याच्या त्या मुलींना

मैत्रिणींनो,

तुमची-माझी ओळख नाही. मी मूळची सोलापूरची, सध्या इंग्लंडमध्ये लेस्टरला असते. 2009 साली तुम्ही दहा ते अठरा वर्षांच्या होतात, म्हणजे आता तुमच्यातल्या कित्येकींची मुलं शाळेत जात असतील.

इथे बारा-तेरा वर्षांच्या मुलामुलींना एचपीव्हीची, म्हणजे गर्भाशयमुखाचा कर्करोग घडवणाऱ्या विषाणूविरुद्धची, लस शाळेतच मोफत मिळते. माझ्या थोरलीला दोन डोस घ्यावे लागले, धाकट्याचं मात्र एकावर भागलं. "त्याला एकच का?" म्हणून तिने घर डोक्यावर घेतलं. उत्तर शोधत गेले, ती थेट बार्शीला पोहोचले!

2009 साली तुम्हाला ही लस देऊन जो अभ्यास सुरू झाला, त्यात प्रश्न एवढाच होता, की तीनऐवजी दोन डोस पुरतील का? एका डोसचा तर विचारही नव्हता. एप्रिल 2010 मध्ये सरकारने लसीकरण थांबवलं, तेही आंध्र आणि गुजरातमधल्या दुसऱ्याच प्रकल्पातल्या मृत्यूंवरून. ते मृत्यू लसीमुळे झाल्याचं चौकशीत आढळलं नाही. त्या प्रकल्पात संमती घेण्याच्या पद्धतीवर मात्र ताशेरे ओढले गेले, ते रास्तच होते. या सगळ्यात देशभरातल्या जवळपास पाच हजार मुलींना एकच डोस मिळाला.

"आमची नावं काढून टाका" असं तुम्ही म्हणाला असतात, तर कोणी नावं ठेवली नसती. पण तुम्ही येत राहिलात. लग्नाला दीड वर्ष झालं की, नाहीतर बाळंतपणानंतर सहा महिन्यांनी, संसर्ग तपासण्यासाठी गर्भाशयमुखाचा नमुना द्यायचा, आणि तोही वर्षाआड नव्हे, दरवर्षी. आपल्याकडे नवी सून दवाखान्यात निघाली की आधी "काय, गोड बातमी का?" असं विचारतात. आजार नाही, दिवस गेलेले नाहीत, तरी तपासणीला जायचंय, हे सासरी कसं पटवलंत? शोधनिबंधात ते कुठेच लिहिलेलं नाही.

2021 साली दहा वर्षांचे निष्कर्ष आले. कर्करोगाला सर्वाधिक कारणीभूत असलेल्या एचपीव्ही 16 आणि 18 या प्रकारांचा चिवट संसर्ग रोखण्यात एक डोस 95 टक्के प्रभावी ठरला. तीन डोसांचा आकडा 93. केनियातल्या अभ्यासानेही एका डोसच्या बाजूने कौल दिला. 2022 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने एका डोसाला मान्यता दिली आणि सप्टेंबर 2023 पासून इंग्लंडच्या शाळांतही एकच डोस सुरू झाला. ज्या देशांना लस परवडत नव्हती, त्यांना तेवढ्याच साठ्यात दुप्पट मुलींपर्यंत पोहोचता येऊ लागलं. शाळेत दुसरी फेरी नको, की गैरहजर मुलींना पुन्हा शोधायला नको.

सासरी गेलेल्यांचा पत्ता काढत राहिलेल्या कार्यकर्त्यांचेही आभार. आणि ज्यांनी लस न घेता केवळ तुलनेसाठी नमुने दिले, त्या बायकांचे तर सगळ्यांत जास्त. त्यांना यातून एक डोसही मिळाला नव्हता.

तुमची,
सोलापूरची एक माहेरवाशीण