तान्ह्या पोळ्याची संध्याकाळ

महाल, नागपूर

प्रिय मित्रा,

पाकिटात तीन घडी घातलेले कागद आहेत. ते आत्ता उघडू नकोस, आधी हे पत्र वाच.

यंदा तान्ह्या पोळ्याला, पोरांच्या लाकडी नंदींच्या सणाला, वस्तीनं सत्कार ठेवला होता, आपल्या भागातल्या दुकानदारांचा आणि सेवा करणाऱ्यांचा. दिवस मुद्दाम तोच निवडला. त्याच दिवशी मारबतींची, म्हणजे वाइटाच्या पुतळ्यांची, मिरवणूक असते; काळी मारबत 1881 पासून निघते, पिवळी 1885 पासून. 'इडा पिडा घेऊन जा गे मारबत' म्हणत सारं शहर वाइटाच्या नावानं ओरडतं. बैठकीत एक आजी म्हणाल्या, "दिवसा वाइटाचं नाव घेता, तं संध्याकाळी चांगल्याचं घ्या ना बाप्पा." तिथंच तारीख ठरली.

मतं मोजायची नाहीत, हा हट्ट माझा. मतं मोजली की ज्याचा गोतावळा मोठा, तो जिंकतो. त्यापेक्षा प्रत्येकानं घडलेला एक प्रसंग लिहावा. किराणा दुकानात आणि पिठाच्या गिरणीत डबे ठेवले. काय काय निघालं त्यातून! एकीनं लिहिलं होतं, 'बाबा गेले त्या रात्री दोन वाजता दुकान उघडून सामान दिलं, पैशाचा विषय तेरवीनंतर काढला.' रात्रपाळी करून येणाऱ्या नर्सनं लिहिलं, 'तर्री-पोहेवाल्या मावशी माझ्यासाठी एक प्लेट झाकून ठेवतात.'

याद्या दोन केल्या होत्या, धंदेवाल्यांची एक आणि सेवावाल्यांची एक. पण त्या टिकल्याच नाहीत. आपल्या गल्लीतली पोरं रोज संध्याकाळी मेडिकल हॉस्पिटलच्या बाहेर खिचडी वाटतात. गडचिरोली, चंद्रपूर, पार छिंदवाड्याहून पेशंट येतात. पेशंटला वॉर्डात जेवण मिळतं, सोबतचा माणूस उपाशी राहतो. त्या पोरांना भेटायला गेलो, तर ती म्हणाली, आमचं एकट्याचं नाव नको. तांदूळ-डाळ किराणावाले काका खरेदीच्या भावात देतात. भाजी कॉटन मार्केटमधून येते, तीही निम्म्या पैशांत. खिचडीचा गंज, म्हणजे मोठं पातेलं, बिछायतवाल्याचा आहे, भाडं घेत नाही. मग काकांकडे गेलो. ते जवळजवळ रागावलेच. "दान कायचं? नफा घेत नाही, इतकंच. दान म्हणसान तं मले लाज वाटंल."

आता सांग, काकांना कुठल्या यादीत घालायचं? रात्री उशिरापर्यंत वाद झाला. कोणी म्हणालं, सेवा म्हणजे मातृ सेवा संघासारखं मोठं काम. 1921 साली कमलाताई होस्पेट यांनी उभं केलेलं ते काम मोठंच आहे, तुझा-माझा जन्मही तिथलाच. पण मला त्या पोरांच्या गंजापुढे हा फरक पटेना. शेवटी दोन्ही याद्या फाडल्या आणि एकच केली.

एका बिल्डरनं सगळा खर्च देऊ केला होता, बदल्यात फलकावर त्याचा फोटो. आम्ही नको म्हटलं आणि घरटी पन्नास रुपये काढले.

मंचही बांधला नाही. संध्याकाळ ही धंद्याची वेळ. सत्कारासाठी शटर ओढायला लावलं तर तो कसला सत्कार? म्हणून आम्हीच दारोदार गेलो. पुढे आपापले नंदी घेतलेली पोरं, मागे आम्ही. एरवी पोरं बोजारा मागायला जातात, या वेळी ती द्यायला गेली. प्रत्येकाला एक लाकडी नंदी आणि त्याच्याविषयी लोकांनी लिहिलेल्या चिठ्ठ्या. मावशींना वाचता येत नाही. तिसरीतल्या पोरीनं वाचून दाखवलं. नर्सची चिठ्ठी त्यांनी पुन्हा वाचायला लावली, मग पदरानं हात पुसून कागद स्वतःकडे घेतला.

आता ते तीन कागद. डबे उघडले तेव्हा तुझ्या बाबांच्या सायकल दुकानाच्या नावानं निघालेले. दुकान बंद होऊन आठ वर्षं झाली, बाबा जाऊन सहा. तरी तिघांनी लिहिलं. अक्षरांवरून दोघं ओळखू आले. तिसरा कोण, कळलं नाही. त्यानं लिहिलंय की दहावीच्या परीक्षेच्या सकाळी त्याची चेन तुटली, तर बाबांनी स्वतःची सायकल त्याला दिली आणि दुकानापर्यंत पायी गेले.

नंदी आईकडे दिला आहे. तिनं तो बाबांच्या फोटोपाशी न ठेवता दारातल्या कोनाड्यात ठेवलाय, जिथे ते पंप ठेवायचे. दिवाळीला येशील तेव्हा पाहशील. आता उघड कागद.

तुझाच