गुडघा बदलला, आता तो सरळ कोण करणार?

संपादक महोदय,

स.न.वि.वि.

आपल्या आरोग्य पुरवणीत गुडघा बदलण्याच्या शस्त्रक्रियेवर आलेला लेख वाचला. रोबोटच्या मदतीने हाड किती अचूक कापता येतं, नवा सांधा कशाचा असतो, रुग्ण त्याच दिवशी कसा उभा राहतो, सगळं नीट दिलं होतं. त्यात चुकीचं काही नाही. पण रुग्ण वॉकर धरून चार पावलं टाकतो आणि लेख तिथेच संपतो. माझं काम तिथून सुरू होतं. मी फिजिओथेरपिस्ट आहे. ऑपरेशन करून घरी आलेल्या लोकांकडे जाऊन व्यायाम करून घेते. म्हणून हा पत्रप्रपंच.

शस्त्रक्रियेत होतं ते थोडक्यात असं. मांडीच्या हाडाचं खालचं टोक आणि नडगीच्या हाडाचा माथा, त्यावरच्या झिजलेल्या कूर्चेसकट (हाडांच्या टोकांवरचा गुळगुळीत थर), साधारण सेंटिमीटरभर कापून काढतात. वर कोबाल्ट-क्रोमचं आवरण, खाली बहुधा टायटॅनियमची बैठक आणि दोहोंच्या मध्ये पॉलिथिलीनची गादी बसते. हाडावर हाड घासायचं थांबतं, त्यामुळे पुष्कळ जण दोन दिवसांतच सांगतात, ‘जुनं दुखणं गेलं हो, आता दुखतंय ते निराळं.’ ते खरंच निराळं असतं. सर्जनने सांधा नवा दिला, पण तो हलवणारा स्नायू जुनाच असतो. वर्षानुवर्षं लंगडत, जपून चालल्यामुळे तो आधीच हडकलेला असतो, त्यात ऑपरेशनचा मार. मांडीच्या पुढच्या स्नायूची ताकद पहिल्या महिन्यात आधीच्या निम्म्यावर, कधी त्याहूनही खाली येते. हे कुणी आधी सांगितलेलं नसतं, त्यामुळे माणूस घाबरतो. ‘ऑपरेशन फसलं की काय’ हा प्रश्न मला जवळजवळ प्रत्येक घरात ऐकू येतो.

घरी गेल्यावर मी आधी टाके बघते आणि लगेच गुडघ्यामागची पोकळी. पलंगावर पाय लांब करून बसवायचं आणि गुडघ्याखालून हात सरकवायचा. हात सहज आरपार गेला की समजायचं, गुडघा सरळ होत नाही. कारण शोधायला लांब जावं लागत नाही, गुडघ्याखाली उशी असते. घरातल्या कुणीतरी मायेने ठेवलेली. गुडघा जरा वाकलेला असला की आतल्या सुजेला जागा मिळते, ठणका कमी होतो, झोप लागते. आणि तसाच तो रोज थोडा थोडा आखडत जातो. मी उशी काढते आणि टाचेखाली टॉवेलची गुंडाळी ठेवते, म्हणजे गुडघा अधांतरी राहतो. मग मांडी आवळून गुडघा खाली दाबायचा, पाच अंक मोजायचे, सोडायचं. पहिल्या दिवशी ओठ आवळले जातात, मुठी आवळल्या जातात, मांडी मात्र ढिम्म. काही दिवसांनी त्याच माणसाची वाटी मांडीच्या दिशेने जराशी सरकताना दिसते. एवढंसं ते हलणं बघून मला जो आनंद होतो तो रुग्णाला कळत नाही. त्याला वाकण्यात रस असतो.

वाकणं सगळेच मोजतात. ९० अंश झाले की नातेवाइकांना फोन जातात. मोजावंच, कारण साध्या खुर्चीत नीट बसायला ९० च्या आसपास लागतात, जिना उतरायला तेवढे किंवा थोडे जास्त आणि बुटक्या खुर्चीतून हात न टेकता उठायचं तर १०५ च्या पुढे. पण गुडघा पूर्ण सरळ झाला ही बातमी कुणी कुणाला दिल्याचं मी ऐकलं नाही. सरळ होताना दहा-पंधरा अंश आधीच अडकलेला गुडघा म्हणजे तो पाय आखूड. लंगडणं तसंच राहतं, नुसतं उभं राहिलं तरी मांडी दमते आणि कंबरेला नि दुसऱ्या गुडघ्याला फुकटचा भार सोसावा लागतो. मग एवढा खटाटोप केला कशाला?

यात वेळ फार महत्त्वाची. आत जखम भरते तसतशा तिथल्या ऊती घट्ट होत जातात. पहिल्या सहा आठवड्यांत जे सहज मिळतं, ते पुढे झगडून मिळवावं लागतं. फारच आखडला तर भूल देऊन गुडघा वाकवावा लागतो आणि त्याचाही चांगला गुण येतो तो साधारण पहिल्या तीन महिन्यांत केलं तर. म्हणून ‘जरा बरं वाटू दे, मग व्यायाम सुरू करू’ म्हणणाऱ्यांशी मी वाद घालते. डॉक्टरांनी लिहून दिलेली वेदनाशामक गोळी व्यायामाच्या अर्धा-पाऊण तास आधी घ्यावी, बर्फ कापडात गुंडाळून पंधरा-वीस मिनिटं ठेवावा. याउलट काही जण इतके हट्टाला पेटतात की दुसऱ्या दिवशी गुडघा टम्म फुगतो, आणि सुजलेला गुडघा मांडीच्या स्नायूला कामच करू देत नाही. यांना आवरणं आळशी माणसाला उठवण्यापेक्षा अवघड!

बारीकसारीक गोष्टींबद्दलची भीतीही अशीच, कुणी आधी न सांगितल्यामुळे येते. गुडघा कित्येक महिने हाताला गरम लागतो. टाक्यांच्या बाहेरच्या बाजूला हातभर नाही तरी तळहाताएवढी जागा बधिर राहू शकते. चालताना आतून टक टक आवाज येतो. हे सगळं चालतं. रात्रीची झोप पहिले काही आठवडे उडते आणि माणूस चिडचिडा होतो, हेही चालतं. काठी ऑपरेशन झालेल्या पायाच्या विरुद्ध हातात धरायची, जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा आधी. मात्र पोटरी एकाएकी सुजून दुखू लागली, टाक्यांतून पाणी किंवा पू येऊ लागला किंवा ताप भरला, तर माझी वाट न बघता सर्जनला त्याच दिवशी फोन करायचा. दम लागला किंवा छातीत दुखलं तर फोनही नको, थेट हॉस्पिटल गाठायचं.

आपल्या लेखात सगळेच रुग्ण आनंदी होते. बहुतेक जण खरंच आनंदी असतात आणि हे सांधे टिकतातही. २०१९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या मोठ्या अभ्यासात पूर्ण बदललेल्या गुडघ्यांपैकी सुमारे ८२ टक्के २५ वर्षं टिकतात असा अंदाज निघाला. पण साधारण पाचातला एक जण पूर्ण समाधानी नसतो, हेही वाचकांना सांगायला हवं होतं. त्यातल्या काहींच्या बाबतीत खरोखर काही बिघडलेलं असतं. काहींचा गुडघा आधी एवढा झिजलेलाच नव्हता, त्यांनी घाई केली. वजन एक किलोने उतरलं तर दर पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी हलका होतो. वजन आणि मांडीची ताकद यांवर मनापासून काम केल्यावर ऑपरेशन पुढे ढकलता आलेले लोक मी पाहिले आहेत. आणि काहींनी मनात धरलं होतं विशीतल्या गुडघ्याचं चित्र. नव्या गुडघ्याने चालणं, जिना, सायकल, पोहणं छान होतं. गुडघे टेकून बसणं बऱ्याच जणांना आयुष्यभर नकोसं वाटतं. हे टेबलावर जाण्याआधी कळलेलं बरं.

माझी मागणी छोटी आहे. ऑपरेशनची तारीख देतानाच फिजिओथेरपिस्टची एक भेट ठरवावी. दुखत नाही तेव्हा शिकलेला व्यायाम लक्षात राहतो, वॉकरची उंची आधीच बेतता येते, आणि घरात कोण काय करणार हेही ठरतं. आज बहुतेकांना मिळतो तो डिस्चार्जच्या गडबडीत हातात कोंबलेला झेरॉक्सचा कागद. त्यावरच्या काडीच्या माणसांनी पाय वर केला आहे की खाली, हे मलाही ओळखता येत नाही.

आणि आपल्या प्रतिनिधींनी लेखात ज्यांची छायाचित्रं छापली, त्यांनाच सहा आठवड्यांनी आणि मग वर्षाने पुन्हा भेटावं. गुडघा सरळ किती होतो, वाकतो किती आणि जिना एकट्याने उतरता येतो का, एवढं विचारलं तरी पुरे. उत्तरं जशी येतील तशी छापावीत.

आपली,
एक फिजिओथेरपिस्ट वाचक