मळमळीची चौकशी करणाऱ्या सिस्टरना

प्रिय सिस्टर,
सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव इथे लिहीत नाही, तुम्हाला ते आवडायचं नाही. पण वाचता वाचता तुम्ही मला ओळखाल. गोव्यातल्या बांबोळीच्या इस्पितळात ओपीडीबाहेर मांडीवर स्टीलचा डबा घेऊन, डोळे मिटून बसलेली साखळीची बाई ती मीच. कॅन्सर मणक्यात उतरलेला आणि मॉर्फिन नुकतंच सुरू झालेलं.

त्या गोळीनं दुखणं खरंच उतरलं होतं. कित्येक महिन्यांनी मी कुशीवर झोपले. पण पाठोपाठ मळमळ सुरू झाली. उलटी होऊन मोकळं वाटावं, तर तेही नाही. नुसते उमासे, तोंडाला सारखं पाणी आणि अन्नाचं नाव काढलं तरी शिसारी. शेजारी बांगडे तळायला घेतले की मी खिडक्या लावून आतल्या खोलीत जाऊन पडायची. ज्याला त्याला विचारलं, तर एकच उत्तर, 'त्या गोळीनं होतंच तसं, सोसायचं.' शेवटी घरात बोलणं निघालं की गोळीच बंद करावी, दुखलं तर दुखू दे. माझे यजमान माझ्याकडे न बघता हे बोलले, कारण रात्रभर मी कशी कण्हायची ते त्यांनीच ऐकलं होतं.

तुम्ही 'सोसा' म्हणाला नाहीत. तुम्ही बाकावर माझ्या शेजारी बसलात आणि विचारायला लागलात. मळमळ दिवसभर एकसारखी असते की येते-जाते? कूस बदलली, उठून बसलं की वाढते का? दोन घास खाल्ले की पोट गच्च भरल्यासारखं वाटतं का? उलटीत आदल्या जेवणाचं अन्न पडतं का? आणि पोट साफ कधी झालं होतं? शेवटच्या प्रश्नाला मी लाजले, तर म्हणालात, 'बाई, मला सगळ्यात आधी हेच कळायला हवं.' इतक्या बारकाईनं माझी मळमळ तोपर्यंत कोणीच विचारली नव्हती.

मग तुम्ही समजावून सांगितलंत. मेंदूत रक्तातलं विष ओळखणारी एक जागा असते, ती या औषधाला विष समजून उलटीचा हुकूम सोडते. कानातला तोल सांभाळणारा भाग हळवा होतो, म्हणून हललं की ढवळतं. जठर सुस्तावतं, अन्न पुढे सरकत नाही. त्यात पोट साफ नसेल तर आणखी भर. कोणाला यातलं एक कारण, कोणाला दोन, आणि औषध त्याप्रमाणे वेगळं. माझं जठराचं आणि कानाचं निघालं. डॉक्टरांनी पोट तपासलं, वारा सरतो का विचारलं, कारण आतड्यात अडथळा असेल तर जठराला चालना देणारं औषध चालत नाही. मग जेवणाआधी अर्धा तास घ्यायला तेच औषध, मेटोक्लोप्रामाइड, लिहून दिलं. तुम्ही एवढ्यावर थांबला नाहीत. म्हणालात, एवढ्यानं नाही भागलं तर दुसरी औषधं आहेत, आणि तीही लागू पडली नाहीत तर मॉर्फिन बदलता येतं, कातडीवर लावायची फेंटानिल या दुसऱ्या वेदनाशामकाची पट्टी आहे. सिस्टर, माझ्यापुढे वाट आहे, आणि एक बंद झाली तर दुसरी आहे, हे ऐकूनच मला धीर आला.

'हे अफूचंच ना?' असं यजमानांनी हळूच विचारलं, तेव्हाही तुम्ही चिडला नाहीत. हो, मॉर्फिन अफूपासूनच काढतात, म्हणून अमली पदार्थांच्या 1985च्या कायद्यानं त्याच्यावर कडक बंधनं आली आणि गरजूंनाही ते मिळेनासं झालं. 2014मध्ये कायदा बदलून ती बंधनं सैल केली, हे तुम्हीच सांगितलंत. दुखण्यासाठी डॉक्टरांच्या देखरेखीखाली घेणं आणि नशा करणं या वेगळ्या गोष्टी आहेत, आणि मॉर्फिन दिलं म्हणजे माणूस संपत आला असंही नाही, हेही. ते वाक्य घरी आल्यावर त्यांनी मुलाला फोनवर जसंच्या तसं ऐकवलं.

गोळ्यांच्या खोक्याचा पुठ्ठा फाडून तुम्ही वेळा लिहून दिल्यात. सहा, दहा, दोन, सहा, आणि रात्री दहाला डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे दुप्पट, म्हणजे मध्यरात्री उठायला नको. खाली ठळक अक्षरात लिहिलंत, 'गोळी उलटली तर स्वतःहून दुसरी घेऊ नये, फोन करावा. एकदम बंद करू नये.' तो पुठ्ठा फ्रिजवर चिकटवला आहे.

जेवणाचं तुम्ही सांगितलंत तसंच केलं. गरम अन्नाचा वास जास्त उठतो म्हणून उकड्या तांदळाची पेज निववून, वाटीभरच, पण दर दोन-तीन तासांनी. सोबत तोराच्या, म्हणजे कोवळ्या कैरीच्या, लोणच्याची फोड. नारळाचा रस जड पडायचा, तेव्हा सुनेनं नुसत्या सोलांची (आमसुलांची) बिननारळाची फुटी कढी सुरू केली, ती मात्र पोटात ठरली. जेवल्यावर लगेच आडवं न होता उशांना टेकून बसायचं. देवापुढची उदबत्ती यजमानांनी स्वतःहून बंद केली, आता फक्त समई लावतात. येता-जाता गाडीत पुढच्या सीटवर, मान स्थिर ठेवून, नजर लांब रस्त्यावर. माशेलच्या वळणांवर पूर्वी दोनदा गाडी थांबवावी लागायची, आता बाणस्तारीचा पूल कधी मागे पडला तेही कळत नाही.

शरीराला सवय झाली की बहुतेकांची मळमळ आठवड्याभरात कमी होते, असं तुम्ही म्हणाला होता. माझ्या बाबतीत तसंच झालं. बद्धकोष्ठ मात्र सवयीनं जात नाही, हेही तेव्हाच बजावलं होतंत. म्हणून त्याची गोळी रोज रात्री न चुकता घेते. ही गोष्ट माणसं संकोचानं बोलत नाहीत आणि उगाच हाल काढतात, याचं मला फार वाईट वाटतं.

मागच्या भेटीत मॉर्फिन वाढवलं, तेव्हा पुन्हा थोडं ढवळायला लागलं. पण या वेळी घरात कोणी घाबरलं नाही, गोळी बंद करायची भाषाही कोणी केली नाही. सुनेनं तुम्हाला फोन केला, तुम्ही डॉक्टरांना विचारून उलटीच्या औषधाचं सांगितलंत आणि चार दिवसांत मी पुन्हा जेवायला बसले. गणपतीला नेवऱ्यांच्या (करंज्यांच्या) कडा मी स्वतः दुमडल्या. तळायला नाही बसले, तेलाचा वास अजून सोसत नाही. पण मागच्या वर्षी मला पाटावर बसवतसुद्धा नव्हतं.

तुम्हाला दिवसभरात किती पेशंट पाहावे लागतात ते मी बाहेर बसून पाहिलं आहे. त्या गर्दीत माझ्याजवळ बसायला तुम्ही वेळ काढलात. तुमचे उपकार मानावे तेवढे थोडे आहेत.

त्या बाकावर माझ्यासारखी डबा घेऊन कोणी बसलेली दिसली, किंवा मळमळीपायी गोळी सोडायची म्हणणारं कोणी भेटलं, तर हे पत्र त्यांना खुशाल वाचायला द्या. फोनवर बोलायचं असेल तर माझा नंबर तुमच्याकडे आहेच. दुपारी चारनंतर मी जागी असते.

आपली,
साखळीची एक पेशंट