शनिवारच्या आत वाच

प्रिय सुध्या,

चार महिने पत्र नाही. रागाव, तुझा हक्कच आहे. पण तुझ्या निरोपातली ओळ डोक्यातून जाईना: ‘गीझरची दुसरी कॉइलही गेली, शनिवारी सॉफ्टनरवाला येतोय.’ सॉफ्टनर, म्हणजे पाण्याचा जडपणा काढणारं ते मशीन. म्हणून हे घाईनं. आम्ही सगळे बरे, आईचा गुडघा आहे तसाच.

त्या माणसानं मीटर बुडवून ७८० दाखवले आणि तू हबकलास. अरे, तो टीडीएस मीटर. पाण्यातून वीज किती वाहते त्यावरून तो विरघळलेल्या सगळ्याच क्षारांचा अंदाज देतो. पाणी जड करतात ते मात्र कॅल्शियम आणि मॅग्नेशियम. टीडीएस सारखाच असलेल्या दोन पाण्यांत एकाचा जडपणा लिटरला १०० मिलिग्रॅम आणि दुसऱ्याचा ५०० असू शकतो. शिवाय सॉफ्टनर टीडीएस उतरवत नाही: ४० ग्रॅम कॅल्शियम धरून ठेवतो आणि त्याच्या बदल्यात ४६ ग्रॅम सोडियम सोडतो. मशीन बसवल्यावर त्याच मीटरवर कुणी मोठा फरक दाखवला, तर त्याला दारातूनच परत पाठव.

आधी थेंब मोजायचं हार्डनेस किट आण. बाटलीत खुणेपर्यंत गार नळाचं पाणी घ्यायचं, आरओचं नाही. त्यात किटमधल्या पहिल्या बाटलीतले बफरचे (आम्लता स्थिर ठेवणाऱ्या द्रावाचे) थेंब, मग दुसरीतला रंगाचा थेंब टाकायचा. पाणी लालसर जांभळं होईल. आता तिसऱ्या बाटलीतला द्राव एकेक थेंब टाकून हलवत राहा. स्वच्छ निळं झालं की थांब. जांभळी झाक असेतो मोजणी संपत नाही, घाई इथेच नडते. थेंबांची संख्या गुणिले किटवरचा आकडा, म्हणजे लिटरमागे इतके मिलिग्रॅम जडपणा. ६० पर्यंत मऊ, १२० पर्यंत मध्यम, १८० पर्यंत जड, त्यापुढे फार जड. तुमच्याकडे सकाळ-संध्याकाळचं पाणी वेगवेगळ्या ठिकाणचं असेल तर दोन्ही वेळा मोज.

आता आपलं जुनं भांडण. उकळलं की पाणी मऊ होतं हे तुझं म्हणणं, होत नाही हे माझं, आणि त्या किटलीपायी आठवडाभराचा अबोला! दोघंही अर्धे बरोबर होतो. बायकार्बोनेटमुळे आलेला जडपणा तापवल्यावर चुना होऊन खाली बसतो. सल्फेट आणि क्लोराइडमुळे आलेला तसाच राहतो. वेगळं करून बघायचं तर एक लिटर पाणी पंधरा मिनिटं उकळ, गार करून गाळ, आरओच्या पाण्यानं पुन्हा लिटरभर कर आणि परत मोज. जेवढं घटलं त्यातलंच कॉइलवर चढत होतं. साबण मात्र दोन्ही खातात: फेस नाही, बादलीला चिकट राखाडी थर आणि ताठ टॉवेल.

कॉइल जळते ती या थरामुळेच. चुना उष्णता पाण्यात जाऊ देत नाही, आतली तार तापत राहते आणि शेवटी नळी फुटते. तुझा थर्मोस्टॅट ७५ वर आहे ना? ५५ ते ६० वर आण. त्याच्याही खाली नको, कोमट साठ्यात जिवाणू वाढतात. वर्षातून एकदा मेन बंद करून टाकी रिकामी करायची, कॉइल काढून थर उतरवायचा आणि बसवताना गॅस्केट नवं घालायचं. जुनं हमखास गळतं. तेव्हाच मॅग्नेशियमचा रॉडही बघायला सांग. तो झिजून टाकीला गंजापासून वाचवतो. सॉफ्टनर लावलास तर तो लवकर संपेल, हे विक्रेता सांगणार नाही.

थर काढायला लिटरभर कोमट पाण्यात २५ ग्रॅम सायट्रिक ॲसिड. उकळू नकोस, गरम झालं तर कॅल्शियम सायट्रेट होऊन नवाच पांढरा थर बसतो. नळाच्या जाळ्या काढून तासभर त्यात ठेव. संगमरवरावर एक थेंबही नको, तो दगडही चुन्याचाच. आणि ब्लीचबरोबर कधीच नाही, त्यातून क्लोरीन वायू निघतो. लक्ष्मीताईंना हे मुद्दाम सांग, त्या दोन्ही एकत्र ओततात.

सॉफ्टनरचं माझं मत असं: २०० च्या आत असेल तर वर सांगितलेलं पुरे. ३०० च्या वर गेलं तर घे, पण हिशेब करून. विक्रेता म्हणतो २५ लिटर रेझिन (जडपणा धरून ठेवणारे आतले दाणे) आणि ते धुवायला आठवड्यातून एकदा मीठ. एक लिटर रेझिन साधारण ५० ग्रॅम जडपणा धरतं, म्हणजे एकूण १,२५० ग्रॅम. पाणी ४०० चं निघालं तर ३,१२५ लिटरला रेझिन भरलं. तुम्ही रोज ६०० लिटर वापरलंत तर पाच दिवस. उरलेले दोन दिवस जडच पाणी येणार, तेही पैसे मोजून. भरलेलं रेझिन धुऊन पुन्हा कामाला आणायला लिटरमागे १२० ते १६० ग्रॅम मीठ लागतं, म्हणजे दर खेपेला तीन ते चार किलो. मिठाचं पाणी दहा टक्क्यांचं करून अर्धा तास सावकाश सोडायचं. घाईनं सोडलं तर मीठ वाया जातं आणि रेझिन अर्धवटच धुतलं जातं. पाण्यात लोह असेल तर ते रेझिनवर बसून त्याची ताकद कमी करतं, त्याची चाचणी आधी.

स्वयंपाकघरातल्या एका नळाची जोडणी मात्र सॉफ्टनरच्या आधीच वेगळी काढ. दर १०० मिलिग्रॅम जडपणामागे लिटरला ४६ मिलिग्रॅम सोडियम वाढतं. ४०० वर ते १८४ झालं, आणि काकांना मीठ कमी खायला सांगितलंय. कुंड्यांनाही तेच साधं पाणी घाल.

वैशालीला छोट्याच्या इसबाची आशा आहे, म्हणून हेही लिहितो. इंग्लंडमध्ये ३३६ मुलांवर सॉफ्टनर लावून बारा आठवडे पाहिलं होतं, निष्कर्ष २०११ साली आला: इसब कमी झालं नाही. त्या आशेवर मशीन घेऊ नका, डॉक्टरांचं मलम चालू ठेवा.

बढतीचं अभिनंदन राहूनच गेलं! नव्या घराचे फोटो पाठव, गच्ची खरंच मोठी दिसते. मन्याच्या लग्नाला तू येतोयस असं धरून चाललोय.

किती थेंब पडले तेवढा आकडा शुक्रवारी रात्री कळव. उशीर झाला तरी फोन कर, जागाच असेन.

तुझाच,
विन्या